आरोग्य तुमचं, हिशोब आमचा

आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळा, असं आरोग्य खातं डेंगीच्या हंगामात भिंतीभिंतीवरून बजावतं. मराठवाड्यातल्या माणसाला हे वाचून जरा अपमान झाल्यासारखं वाटतं. उन्हाळा लागला की इथल्या कित्येक गावांत कोरडे दिवस नळच पाळतो, आणि तेही आठवड्याला सहा-सात. मग पाणी येईल त्या दिवशी टाकी, ड्रम, हंडे, कळश्या, जे हाताला लागेल ते भरून ठेवायचं. त्या साठ्यात एडिस डास अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत अंड्याचा डास होतो. नळाचं आणि डासाचं वेळापत्रक इतकं जुळतं की एसटीनं शिकवणी लावावी. पाणी रोज आलं असतं तर ड्रमच लागला नसता. पण ‘नळाला रोज पाणी सोडा’ असं भिंतीवर कोणी रंगवत नाही. ते ज्यानं वाचायचं, तो गाडीची काच वर करून तालुक्याच्या गावाकडे, कन्नडकडे निघून गेलेला असतो.

आरोग्यशिक्षणाची खुबी इथंच आहे. पुण्यात राज्याचा खास माहिती, शिक्षण व संपर्क विभाग आहे आणि तिथून निघालेला शहाणपणा कन्नड तालुक्यातल्या पिशोरच्या भिंतीपर्यंत न सांडता पोचतो. मीठ कमी खा. हात धुवा. पायी चाला. साखर वाढली? तुम्ही चालला नाहीत. रक्तदाब वाढला? लोणचं तुम्हीच खाल्लंत. दवाखान्यात डॉक्टर भेटले नाहीत? आजारी पडायला तुम्ही वेळ चुकीची निवडलीत. सगळी जबाबदारी जनतेत इतक्या उदारपणे वाटली जाते की खात्याकडे औषधालाही उरत नाही. औषधही उरत नाही, तो भाग वेगळा.

2005 साली देशात दोन जुळ्यांचा जन्म झाला, असं म्हणायला हरकत नाही. 12 एप्रिलला राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झालं आणि 12 ऑक्टोबरला माहितीचा अधिकार लागू झाला. बरोबर सहा महिन्यांचं अंतर. एकानं पैसा आणायचा, दुसऱ्यानं त्याचा हिशोब विचारायचा. दोघं मोठी झाली, वीस वर्षांची झाली. पण गावात एकत्र दिसली, असं सांगणारा मला अजून भेटायचा आहे.

अभियानानं गावोगाव ग्राम आरोग्य, पोषण व स्वच्छता समिती आणली. सदस्यांत निम्म्या तरी बाया हव्यात, दर महिन्याला बैठक हवी, आणि गावाला आपल्या गरजेप्रमाणे खर्चायला, अभियानाच्या मूळ नियमानं, वर्षाचे 10 हजार रुपये. दिवसाला साधारण 27 रुपये. एवढ्यात गावाचं आरोग्य सुधारायचं म्हटलं तर पहिली गरज चहाची पडते. या समितीत आपलं नाव आहे हे ज्यांना ठाऊक नाही, ते तिचे सर्वात निरोगी सदस्य. त्यांना ना बैठकीचा ताण, ना सहीचा.

पैसा येतो फेब्रुवारी-मार्चात. खात्याच्या पंचांगात 7 एप्रिलला जागतिक आरोग्य दिन आहे, 31 मेला तंबाखूविरोधी दिन, 15 ऑक्टोबरला हात धुण्याचा दिन, सप्टेंबरात पोषण महिना. पण मनापासून साजरा होतो तो 31 मार्च. त्या आठवड्यात पेंटर मिळत नाही. ब्लीचिंग पावडरचं बिल होतं, सतरंजीचं होतं, भिंत ओली असतानाच जिओ टॅगचा फोटो निघतो आणि उपयोगिता प्रमाणपत्र वर जातं. गावातून तालुक्याला, तालुक्यातून जिल्हा परिषदेला, तिथून पुण्या-मुंबईला, मग दिल्लीला. हिशोब देत नाहीत, असं खात्याबद्दल कोण म्हणेल? देतात की, प्रत्येक जण आपल्या वरच्याला देतो. खाली बघून द्यायची पद्धत नाही, मान दुखते.

खाली गाठायला एकच जण सापडते, आशाताई. गोळ्या का नाहीत, ॲम्ब्युलन्स का आली नाही, सगळं तिला रस्त्यात अडवून विचारायचं. गंमत अशी की जिला विचारायचं, ती सरकारच्या लेखी कर्मचारीच नाही. ती स्वयंसेविका. तिला पगार नसतो, मोबदला असतो आणि तो मागायलाही मुंबईला आझाद मैदानात जाऊन बसावं लागतं.

हिशोब खाली यायची सोय या राज्यात कधी झालीच नाही, असं मात्र नाही. 2007 पासून अमरावती, नंदुरबार, तेव्हाचं उस्मानाबाद, पुणे, ठाणे या जिल्ह्यांत लोकाधारित देखरेख सुरू झाली. गावानं दवाखान्याचं प्रगतीपत्रक भरायचं, हिरवा-पिवळा-लाल रंग द्यायचा, मग मांडवात जनसुनवाई. बाहेरून औषध आणायला का लावलंत, बाळंतपणाचे पैसे का घेतलेत, हे बाया माइक हातात घेऊन विचारत आणि वैद्यकीय अधिकाऱ्याला तिथंच उत्तर द्यावं लागे. काही ठिकाणी घेतलेले पैसे परतही मिळाले. एवढं चांगलं काम बंद कसं पाडणार? त्यामुळे बंद वगैरे काही पाडलं नाही. देखरेखीचा खर्च ज्याच्यावर देखरेख ठेवायची त्याच अभियानाच्या तिजोरीतून येत होता, आणि तिजोरीला कुलूप लावायला शासन निर्णय लागत नाही.

आता कोणाला वाटेल, माहितीच्या अधिकाराचा दहा रुपयांचा अर्ज करावा. जरूर करा. तीस दिवस थांबा. ‘खर्च का झाला नाही’ असं विचाराल तर माहिती प्रश्नार्थक स्वरूपाची असल्याने देता येत नाही, असं उत्तर येईल. ‘खर्चाच्या पावत्यांच्या नकला द्या’ असं लिहा; म्हणजे त्या शोधण्याचं काम तरी सुरू होईल.

नाहीतर ग्रामसभेला या. आरोग्य समितीचा जमाखर्च ‘आयत्या वेळचे विषय’ यांत असतो, घरकुलाच्या यादीवरून भांडण झाल्यानंतर. कोरमला मतदारांच्या 15 टक्के किंवा 100 माणसं, यातली जी संख्या कमी असेल ती लागते. तेवढी नसली तर सभा तहकूब होते. आणि तहकूब सभेला, कायद्यानंच, कोरम लागत नाही.