चित्र माझं, किल्ली तुमची

ईस्ट कोस्ट, सिंगापूर

प्रति,
माननीय प्रमुख, फाइल फॉरमॅट विभाग,
एक जगप्रसिद्ध कॅमेरा कंपनी
(नाव लिहीत नाही. आपल्यासारखे आणखीही आहेत, त्यांचा मान कमी व्हायला नको.)

सा. न. वि. वि.

पत्रास कारण की, आपला नवा कॅमेरा आमच्या घरी आला. आधी त्याचं कौतुक करते, कारण ते खरोखर करण्यासारखं आहे. तिन्हीसांजेला बेडोक जेटीवर गळ टाकून बसलेल्या माणसाच्या कपाळावरची आठी तो टिपतो. झेपावणाऱ्या खंड्याचा डोळा शोधून फोकस तिथेच धरून ठेवतो. समुद्रात नांगर टाकून उभ्या जहाजांवरचे दिवे एकात एक न मिसळता दाखवतो. अशा गुणी यंत्राची किंमत मी मोजली, वर ९ टक्के जीएसटीही मोजला. मग कार्ड संगणकात घातलं आणि एकदाच पैसे भरून कायमचं घेतलेल्या माझ्या जुन्या सॉफ्टवेअरनं कळवलं की ही फाइल एकतर मला चालत नाही किंवा ती बिघडलेली आहे.

दोन शक्यता सांगितल्या, आणि दोन्हींत आपलं नाव कुठेच नाही. इतका स्वच्छ हात असलेला गुन्हेगार क्वचितच पाहायला मिळतो. अभिनंदन.

आता आपण म्हणाल, बाई, सॉफ्टवेअर जुनं झालंय, नवं घ्या. पण हेच 'जुनं' सॉफ्टवेअर १९९२ साली प्रमाणित झालेल्या जेपेगच्या फाइली आजही बिनतक्रार उघडतं. आपल्याच कंपनीच्या माझ्या आधीच्या कॅमेऱ्याची रॉ फाइल, म्हणजे सेन्सरची कच्ची नोंद, उघडतं. उजेड वाढवणं, सावली उजळणं, तिरकं आलेलं क्षितिज सरळ करणं, सगळं त्याला येतं. येत नाही ते एवढंच की, यंदा आपण तीच माहिती कुठल्या क्रमानं मांडली आहे हे ओळखणं. येणार कसं? ते त्याला कोणी सांगितलेलंच नाही.

या रॉ फाइलमध्ये असं असतं तरी काय, ते वाचकांसाठी सांगते. आपण पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखा चेहरा करा. कोडॅकचे ब्राइस बेयर यांना १९७६ साली ज्या रंगगाळणीचं पेटंट मिळालं, ती आजही बहुतेक कॅमेऱ्यांच्या सेन्सरवर बसते. चारांतले दोन चौकोन हिरवे, एक लाल, एक निळा. प्रत्येक चौकोनाखाली किती उजेड पोचला, त्याचा एक आकडा. १४ बिटांच्या रॉ फाइलमध्ये हा आकडा ० पासून १६,३८३ पर्यंत काहीही असू शकतो. जेपेगमध्ये दर रंगाला २५६ पायऱ्या मिळतात, म्हणून तर आम्ही रॉच्या मागे लागतो. ही आकड्यांची जाळी वाचायला मोजक्या गोष्टी लागतात: ती फाइलमध्ये कुठे सुरू होते, कशी दाबून भरली आहे, काळा कुठल्या आकड्याला धरायचा, पांढरा कुठे संपतो, आणि आपल्या सेन्सरचे रंग प्रमाण रंगांशी जुळवण्याचं कोष्टक. थोड्या पानांत मावेल एवढा हा मजकूर. कॅमेऱ्याबरोबरच्या जाडजूड पुस्तिकेत पट्टा कसा अडकवायचा हे चित्रासकट असतं; हा मजकूर नसतो.

कधी कधी तर एवढाही फरक नसतो. नव्या मॉडेलचा सेन्सर आणि फाइलची मांडणी आधीच्या भावंडासारखीच असेल, तर हुशार लोक एक्झिफटूल नावाच्या मोफत साधनानं फाइलमधलं मॉडेलचं नाव बदलतात, धाकट्याच्या जागी थोरल्याचं लिहितात. आणि अडून बसलेलं सॉफ्टवेअर मुकाट्यानं चित्र दाखवतं! अशा वेळी समजतं की आत काहीच नवं नव्हतं, फक्त दारावरची पाटी नवी होती.

या परंपरेचे आपण पहिले मानकरी नाही, तेव्हा सगळं श्रेय घेऊ नका. २००५ साली निकॉनच्या डी२एक्सच्या फाइलमध्ये व्हाइट बॅलन्सची माहिती सांकेतिक करून ठेवल्याचं उघड झालं. म्हणजे उजेड पिवळा होता की निळसर, हेदेखील गुपित! फोटोशॉपच्या जनकांपैकी एक आणि रॉ फाइली उघडणाऱ्या 'कॅमेरा रॉ' या सॉफ्टवेअरचे कर्ते थॉमस नॉल यांनी त्यावर जाहीर आक्षेप घेतला. स्वतंत्र प्रोग्रॅमरांनी ते कुलूप लवकरच उघडलं, त्यामुळे गुपित राहिलं नाही ते नाहीच, वर शोभा झाली. कॅननच्या रॉ फाइलींचं घराणं सीआरडब्ल्यूवरून सीआर२ वर आणि २०१८ साली ईओएस एम५० बरोबर सीआर३ वर आलं. प्रत्येक वेळी जुन्या सॉफ्टवेअरला नव्यानं ओळखपरेड. नवं तंत्र आणू नका असं कोण म्हणतंय? फाइल लहान होत असेल तर आनंदच आहे. फक्त ती वाचायची कशी, ते सोबत छापा.

आपण छापलं नाही म्हणून ते काम दुसऱ्यांनी केलं. डेव्ह कॉफिन नावाच्या अमेरिकन प्रोग्रॅमरनं १९९७ पासून डीसीरॉ हा प्रोग्रॅम लिहिला, आणि २०१८ पर्यंत एकेका कॅमेऱ्याची फाइल उलगडून त्यात भर घातली. त्याच पायावर उभी राहिलेली लिबरॉ आज कितीतरी सॉफ्टवेअरांच्या पोटात आहे. आपल्या पगारी अभियंत्यांनी बांधलेली गाठ बाहेरच्या माणसांनी फुकट सोडवायची, अशी ही आपली आंतरराष्ट्रीय सहकारी चळवळ.

आपल्या बाजूनं नेहमी पुढे केलं जाणारं कारण म्हणजे व्यावसायिक गुपित. मान्य. सेन्सर कसा घडवता, प्रोसेसर कसा चालवता, ते खुशाल तिजोरीत ठेवा. पण फाइलमध्ये आहे तो ईस्ट कोस्ट पार्कातला उजेड. ही किनारपट्टी १९६६ पासून समुद्रात भराव टाकून तयार केली गेली. तिथल्या झाडांत, वाळूत किंवा मावळत्या उन्हात आपल्या कंपनीची गुंतवणूक असल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

दुसरा मार्ग नव्हता, असंही नाही. अडोबीनं २००४ साली डीएनजी हा फॉरमॅट आणला. त्याचा आराखडा जाहीर आहे, वापरायला स्वामित्वशुल्क नाही, आणि रंग जुळवण्याचं कोष्टक फाइलच्या आतच असतं. म्हणजे कॅमेरा ओळखीचा नसला तरी सॉफ्टवेअरचं अडत नाही. लायका हाच फॉरमॅट देते. पेंटॅक्सनं २००६ च्या के१०डी मध्ये स्वतःचा फॉरमॅट आणि डीएनजी असे दोन्ही पर्याय मेनूत ठेवले. कंपनीवर आभाळ कोसळलं नाही. अँड्रॉइडनं २०१४ पासून रॉ फोटोसाठी डीएनजीच धरला, आयफोन १२ प्रोचा प्रोरॉ हाही डीएनजीच. खिशातला फोन जे सहज देतो, ते गळ्यात दोन पट्टे घालून वागवावा लागणारा आपला कॅमेरा देऊ शकत नाही, हे वाचून आपल्या भागधारकांना अभिमान वाटत असेल.

आता या कुलपाचा फायदा कोणाला होतो, तेही पाहू. २०१३ साली अडोबीनं फोटोशॉपसारख्या आपल्या सॉफ्टवेअरच्या पुढच्या आवृत्त्या वर्गणीवरच देण्याचं जाहीर केलं. त्यांच्याच फोटो सॉफ्टवेअरच्या, एकदाच विकत घेता येणाऱ्या लाइटरूम ६ या आवृत्तीला डिसेंबर २०१७ मध्ये शेवटचा अपडेट आला. त्यानंतरचे कॅमेरे तिच्या ओळखीचे नाहीत. म्हणजे कॅमेरा विकता आपण, आणि त्यामुळे दरमहा वर्गणी जाते भलत्याच्या खात्यात. दुसऱ्याच्या दुकानाला इतक्या निष्ठेनं गिऱ्हाईक पोचवणारी, आणि वर दलालीही न घेणारी कंपनी मी दुसरी पाहिलेली नाही. साहेब, हा धंदा आपण नेमका कोणासाठी करता?

उपाय आहेत, नाही कसे. अडोबीचाच मोफत डीएनजी कन्व्हर्टर आहे. पण त्याच्या अलीकडच्या आवृत्त्यांना जुनं विंडोज किंवा मॅकओएस चालत नाही. म्हणजे नव्या कॅमेऱ्यासाठी नवा कन्व्हर्टर, त्याच्यासाठी नवी ऑपरेटिंग सिस्टीम, आणि तिच्यासाठी नवा संगणक. आपलं स्वतःचं मोफत सॉफ्टवेअर १६ बिटांची टिफ फाइल काढून देतं, ती कुठेही उघडते. फक्त २४ मेगापिक्सेलच्या एका फोटोची अशी टिफ न दाबता ठेवली तर साधारण १४४ मेगाबाइटची होते, आणि व्हाइट बॅलन्स मागाहून मोकळेपणानं बदलण्याची सोय आधीच संपलेली असते. रॉ कशासाठी घेतला होता, ते विसरलं की हा उपाय उत्तम आहे.

सिंगापुरात २०१२ च्या सप्टेंबरपासून 'लेमन लॉ' लागू आहे. माल सदोष निघाला तर ग्राहकाला दुरुस्ती, बदली किंवा परतावा मागता येतो, आणि सहा महिन्यांच्या आत दिसलेला दोष मुळातच होता असं धरलं जातं. पण आपला कॅमेरा सदोष कुठे आहे? तो अगदी ठणठणीत आहे, तिथेच तर गोम आहे. बिघाड असता तर दुरुस्ती मागितली असती. धोरणाची दुरुस्ती कुठल्या खिडकीवर मागायची?

इथल्या दमट हवेत लेन्सला बुरशी धरते, म्हणून कॅमेऱ्याच्या नादी लागलेल्या माणसाकडे ड्राय कॅबिनेट असतंच. काचेसाठी कपाट मिळतं. फाइलला लागणाऱ्या बुरशीसाठी मिळत नाही. आणि ती लागते. कोनिका मिनोल्टा २००६ साली कॅमेऱ्याच्या धंद्यातून बाहेर पडली. ऑलिंपसचा कॅमेरा विभाग २०२१ च्या सुरुवातीपासून दुसऱ्या कंपनीच्या नावानं चालतो. अ‍ॅपलनं अ‍ॅपर्चर हे आपलं फोटो सॉफ्टवेअर २०१४ साली गुंडाळत असल्याचं सांगितलं. कंपन्या जातात, फोटो राहायला हवेत. मुंबईचे छायाचित्रकार नारायण विरकर यांनी १९१९ च्या हत्याकांडानंतर जालियनवाला बागेत जाऊन भिंतींवरच्या गोळ्यांच्या खुणा टिपल्या. ती छायाचित्रं आज पाहताना विरकरांच्या कॅमेऱ्याचं मॉडेल कोणी विचारत नाही, त्याच्या कारखान्याची परवानगीही लागत नाही. आजचा छायाचित्रकार असाच पुरावा आपल्या फाइलमध्ये ठेवत असेल. तो शंभर वर्षांनी कोणी वाचायचा, हे आपल्या विभागानं ठरवावं, इतका अधिकार आपल्याला कोणी दिला?

मागणं फार नाही. एक, कॅमेरा बाजारात येईल त्या दिवशी फाइलचा आराखडा जाहीर करा. दोन, मेनूत डीएनजीचा पर्याय द्या. आपला फॉरमॅट हवा त्याला तोही राहू द्या. तीन, फाइलची मांडणी बदलली नसेल तर नुसत्या नव्या नावावर जुन्या सॉफ्टवेअरची अडवणूक होणार नाही, अशी सोय करा. यातल्या कशालाही नवा सेन्सर लागत नाही, नवा कारखाना लागत नाही. इच्छा लागते, तेवढीच नेमकी आपल्या यादीत दिसत नाही.

उत्तराची घाई नाही. पाठवाल तेव्हा साध्या अक्षरात पाठवा, म्हणजे ते उघडायला नवं काही विकत घ्यावं लागणार नाही.

कळावे,
आपली एक ग्राहक

ता. क. हे वाचकांसाठी. नवा कॅमेरा घेण्याआधी दुकानातूनच त्याच्या दोन-चार रॉ फाइली मागून आणा आणि आपल्या सॉफ्टवेअरमध्ये उघडून पाहा. घेऊन झाला असेल तर रॉ आणि जेपेग दोन्ही एकत्र साठवण्याची सेटिंग लावा. डीएनजी कन्व्हर्टर चालत असेल, तर त्याच्या प्रेफरन्सेसमध्ये कॅमेरा रॉच्या जुन्या आवृत्तीशी जुळणारी फाइल निवडा, आणि मूळ रॉ पुसू नका. डार्कटेबल आणि रॉथेरपी ही मोफत सॉफ्टवेअरंही एकदा वापरून पाहा. आणि दुकानदारानं मेगापिक्सेल सांगायला सुरुवात केली की त्याला थांबवून आधी विचारा: हा कॅमेरा डीएनजी देतो का? हा प्रश्न पुरेशा गिऱ्हाइकांनी विचारला, तर वर ज्यांना पत्र लिहिलं आहे त्यांना तो ऐकावाच लागेल.