गावाने तुम्हाला बोलावलं होतं का?

सुट्टी जवळ आली की कॉलेजच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर परदेशातल्या इंटर्नशिपच्या जाहिराती फिरू लागतात. नेपाळ, केनिया, टांझानिया, कंबोडिया. सहा आठवडे, खेड्यातली संस्था, शेवटी प्रमाणपत्र. विमानभाडं वेगळं, राहण्याजेवण्याचे पैसे वेगळे, एजन्सीची फी वेगळी. हे सगळे पैसे भरतो इंटर्न. म्हणजे गिऱ्हाईक तो. मग गाव कोण?

विकायला ठेवलेला माल.

कडक वाटतंय? मग नेपाळकडे बघा. तिथल्या बालगृहांतल्या ८५ टक्क्यांहून अधिक मुलांच्या आईवडिलांपैकी निदान एक जण हयात असल्याचं युनिसेफनेच सांगितलं होतं. आणि ही बालगृहं होती कुठे? गरिबी जिथे सर्वांत जास्त, त्या दूरच्या डोंगराळ जिल्ह्यांत? नाही. तेव्हाच्या ७५ जिल्ह्यांपैकी काठमांडू, ललितपूर, भक्तपूर, कास्की आणि चितवन या पाचच जिल्ह्यांत सुमारे ९० टक्के. कास्की म्हणजे पोखरा. चितवन म्हणजे लोक गेंडे बघायला जातात ते. हुमलासारख्या टोकाच्या जिल्ह्यातल्या आईबापांना दलालाने चांगल्या शाळेचं आमिष दाखवायचं, वर त्यांच्याकडूनच पैसे उकळायचे आणि मूल शहरात आणून अनाथ म्हणून उभं करायचं, असा हा धंदा.

अनाथ मुलं नेमकी पर्यटक उतरतात तिथेच कशी सापडतात, हा प्रश्न फॉर्म भरताना कुणालाच कसा पडत नाही?

२५ एप्रिल २०१५ च्या भूकंपानंतर नेपाळ सरकारला तातडीने आदेश काढावा लागला. आईवडील किंवा अधिकृत पालक बरोबर नसताना मुलांना जिल्ह्याबाहेर नेण्यास बंदी. संकट वाढलं की देणगी वाढते, आणि देणगी वाढली की अनाथ वाढतात, हे तोवर सर्वांना कळून चुकलं होतं. ऑस्ट्रेलियाने २०१८ मध्ये आधुनिक गुलामगिरीविरुद्ध कायदा केला, तेव्हा बालगृहांसाठी होणाऱ्या मुलांच्या तस्करीचाही त्यात विचार झाला. हातात इंग्रजी मुळाक्षरांचं पुस्तक घेऊन आलेल्या वीस वर्षांच्या मुलीला यातलं काही ठाऊक नसतं. ती मनापासून शिकवते, मुलांना जवळ घेते, निघताना रडते. पुढच्या सोमवारी दुसरी येते. मूल पुन्हा जीव लावतं, पुन्हा एकटं पडतं.

आता हेच उलटं करून बघा. शिकवण्याचा अनुभव नाही, पोलीस पडताळणी नाही, मराठीचा गंध नाही, असा परदेशी पोरगा तुमच्या तिसरीतल्या मुलीच्या वर्गात सहा आठवडे सोडला, तर पालकसभेत काय होईल?

शाळा डोक्यावर घ्याल. आणि बरोबर कराल.

पिप्पा बिडल या अमेरिकी लेखिकेने २०१४ मध्ये टांझानियातला आपला अनुभव लिहिला. शाळकरी मुलींचा गट बालगृहासाठी बांधकाम करायला गेला होता. दिवसभर मुली विटा रचायच्या. रात्री गावातले पुरुष ते बांधकाम पाडून पुन्हा नीट रचायचे, मुलींना कळू न देता. भिंत शेवटी बांधली त्यांनीच. त्यांना दोनदा राबवलं, एवढाच काय तो फरक पडला.

गावात गवंडी असताना विद्यार्थ्याने विटा रचायच्या कशाला? तुमच्या विमानभाड्यात गावातल्या बारावी झालेल्या मुलीचा किती महिन्यांचा पगार निघेल, हा हिशेब एकदा तरी करा. इव्हान इलिच यांनी १९६८ मध्येच मेक्सिकोत सेवेला निघालेल्या अमेरिकी विद्यार्थ्यांना तोंडावर सांगितलं होतं: बघायला या, शिकायला या, मदत करायला येऊ नका. अर्धशतक उलटून गेलं.

आणि यजमान संस्थेचं काय? चार-पाच माणसांवर चालणारी संस्था. पाहुण्याला बसस्टँडवरून आणायचं, त्याला उकळलेलं पाणी, मच्छरदाणी, पोट बिघडलं की तालुक्याचा दवाखाना, आणि दिवसभर दुभाष्या म्हणून संस्थेचाच एक कार्यकर्ता. घरचं झालं थोडं, व्याह्याने धाडलं घोडं! त्या कार्यकर्त्याची रोजची कामं तेवढे दिवस कोण करतं? बहुतेक वेळा कुणीच नाही.

मग पाहुण्याला काहीतरी द्यायचं म्हणून सर्व्हे दिला जातो. घरात माणसं किती, शौचालय आहे का, पाणी कुठून आणता, महिन्याचं उत्पन्न किती. बाई खुरपं खाली ठेवून बांधावर येते आणि उत्तरं देते. मागच्या वर्षी हीच उत्तरं तिने दुसऱ्या कुणाला तरी दिलेली असतात. तिच्या बुडालेल्या अर्ध्या दिवसाची मजुरी कुठल्याच अहवालात नसते. अहवाल इंग्रजीत असतो आणि कपाटात जातो. विद्यार्थ्याच्या एसओपीत, म्हणजे पुढच्या प्रवेशासाठीच्या हेतुपत्रात, मात्र त्यावर दोन ओळी येतात, ग्रामीण महिलांच्या सक्षमीकरणाच्या.

पी हळद, हो गोरी. सहा आठवड्यांत गाव बदलत नाही. गाव सोडा, सहा आठवड्यांत गावाची बोलीही कानाला लागत नाही.

मग कुणी कुठे जाऊच नये का? जावं की. पण शिष्य म्हणून जावं. आपल्याच अहिल्यानगर जिल्ह्यात जामखेड आहे. रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये तिथे काम सुरू केलं आणि खेड्यातल्या बायकांना, त्यातल्या कित्येक निरक्षर, आरोग्याचं शिक्षण दिलं. पुढे देशोदेशीचे डॉक्टर आणि विद्यार्थी तिथे यायला लागले. त्यांना शिकवायला कोण? याच बायका. बाळंतपणात धोका केव्हा ओळखायचा, जुलाब झालेल्या पोराला काय पाजायचं, सासू ऐकत नसेल तर काय करायचं, हे त्या सांगतात आणि एमबीबीएस झालेला ऐकतो. असं नातं असेल तर परदेशी विद्यार्थी गावावर ओझं होत नाही.

राजस्थानातल्या तिलोनियाची गोष्ट याहून धारदार. बंकर रॉय यांनी १९७२ मध्ये सुरू केलेल्या तिथल्या बेअरफूट कॉलेजात आफ्रिकेतल्या खेड्यांमधून बायका आल्या. बऱ्याचशा आज्या, बऱ्याचशा निरक्षर. भारत सरकारच्या खर्चाने सहा महिने राहिल्या आणि सौरदिव्यांची जोडणी-दुरुस्ती शिकल्या. शिकवणाऱ्याची भाषा त्यांना येत नव्हती, त्यांची शिकवणाऱ्याला. सर्किटमधले भाग रंगांवरून ओळखायचे, बाकी सगळं हातवाऱ्यांवर. मग आपल्या गावी परत जाऊन त्यांनी घराघरांत दिवे लावले.

ही सुद्धा परदेशातल्या खेड्यातली इंटर्नशिपच आहे!

आज्याच का, याचं रॉय यांनी दिलेलं कारण आपल्या पोरांनी नीट ऐकावं. तरुणांच्या हाती प्रमाणपत्र पडलं की ते शहर गाठतात. आजी गावातच राहते. दिवा बिघडला तर दुरुस्त करायला ती असते, म्हणून तिला शिकवायचं. विकासाच्या कामात मला हीच एक कसोटी मान्य आहे. पाहुणा गेल्यावर काम कोण चालवणार?

या कसोटीला उतरणारी कामं फोटोत छान दिसत नाहीत. चोख हिशेब, संगणकावरची नोंदवही, देणगीदाराला पाठवायचा अहवाल, आणि हे सगळं स्थानिक मुलीला शिकवून तिच्या हाती सोपवणं. खेड्यातल्या संस्था नेमक्या इथेच अडतात. आपल्या कॉमर्सच्या, आयटीच्या मुलांना हे येतं. सहा महिने काढायची तयारी असेल, भाषेची बैठक आधी घातली असेल, तर जा. नेपाळीची लिपी तर देवनागरीच आहे, सुरुवात घरीच करता येईल.

पालकांनो, पैसे तुमच्या खात्यातून जाणार आहेत. ते भरण्याआधी एजन्सीला बाजूला ठेवून थेट त्या गावातल्या संस्थेला पत्र लिहा. आमच्या मुलाला काय काम देणार, हे विचारू नका. मागच्या वर्षी आलेल्या विद्यार्थ्याने जे काम केलं, ते आज गावातलं कोण चालवतंय, एवढंच विचारा. आणि जागा बालगृहातली असेल तर तेही विचारू नका. सरळ नाही म्हणा.