फ्लॉपीबंदीच्या साहेबांना अनावृत पत्र

मा. शस्त्रनिर्यात नियंत्रण अधिकारी,
परराष्ट्र खाते, वॉशिंग्टन
यांना स.न.वि.वि.

साहेब, आपण एव्हाना निवृत्त झाला असाल. पण आपली १९९४ सालची कामगिरी काही विसरवत नाही. ब्रूस श्नायर यांचं ‘अप्लाइड क्रिप्टोग्राफी’ हे जाडजूड पुस्तक आपल्यापुढे आलं. शेवटी एन्क्रिप्शनच्या प्रोग्रॅमची पानंच्या पानं छापलेली. फिल कार्न या अभियंत्याने विचारलं, हे परदेशी पाठवू का? आपण म्हणालात, खुशाल! मग त्याने तोच कोड फ्लॉपीवर घालून पुन्हा अर्ज केला. आता मात्र ती युद्धसामग्री ठरली, रणगाड्यांच्या यादीतली. छापलं तर वाङ्मय, फ्लॉपीवर घातलं तर हत्यार! सातासमुद्रापार कुणाला टायपिंग येत असेल, ही शंका आपल्या मनाला शिवलीसुद्धा नाही. दरवाजा उघडा आणि मोरीला बोळा.

१९९६ च्या अखेरीस एन्क्रिप्शनच्या निर्यातीवर नजर ठेवण्याचं काम वाणिज्य खात्याकडे गेलं, तरी छापील कागदाला मोकळीक राहिलीच. १९९७ साली पीजीपीवाल्यांनी आपला अख्खा एन्क्रिप्शन प्रोग्रॅम पुस्तकांत छापला, पुस्तकं राजरोस देशाबाहेर गेली आणि युरोपातल्या हौशी मंडळींनी पानन् पान स्कॅन करून तो पुन्हा उभा केला. (पीजीपीचे कर्ते फिल झिमरमन त्याआधी याच नियमांपायी सुमारे तीन वर्षं चौकशीच्या फेऱ्यात अडकले होते, ते वेगळंच.)

तेव्हा ब्राउझर बाहेर पाठवायचा तर त्याच्या एन्क्रिप्शनची किल्ली ४० बिटांचीच. म्हणजे सुमारे १ लाख १० हजार कोटी शक्यता. आकडा कसा भारदस्त! १९९५ साली फ्रान्समधल्या एका संशोधकाने तसली किल्ली आठ दिवसांत शोधली, १९९७ च्या जानेवारीत बर्कलीच्या एका विद्यार्थ्याने साडेतीन तासांत. आमच्याकडेही आपले चाहते निघाले. दूरसंचार खात्याच्या इंटरनेट परवान्यात विनापरवानगी ४० बिटांचीच मुभा होती; रिझर्व्ह बँकेने २००१ साली बँकांना सांगितलं, किमान १२८ वापरा. दोघांचंही ऐकणाऱ्या बँकवाल्याची कीव येते.

२००० साली आपल्या सरकारने बंधनं बरीच सैल केली, पण निर्यातीसाठी मुद्दाम कच्ची ठेवलेली कुलुपं सर्व्हरांमध्ये तशीच पडून राहिली. २०१५ च्या मार्चमध्ये ‘फ्रीक’ नावाचा दोष उघडकीला आला: ब्राउझरला फसवून त्याच जुन्या नियमांतली, वेगळ्या जातीची ५१२ बिटांची ‘निर्यातीची’ किल्ली वापरायला लावता येत होती, आणि ती भाड्याच्या संगणकांवर काही तासांत फुटत होती. असे सर्व्हर जगभर सापडले, आणि त्यांत आपल्याच एनएसए या हेर संस्थेचं संकेतस्थळही होतं.

तरी एनएसएला हा निर्यातीचा माल कोणत्या परवान्यावर पुरवला होता, तेवढं उलट टपाली कळवावं. पुस्तकातून कळवलंत तर बरं, फ्लॉपी नको.

आपला,
एक परदेशस्थ ग्राहक