डांबर पडण्याआधी

अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात एम्पोरिया नावाचं एक गाव आहे. तिथे २००६ पासून सायकलींची एक शर्यत भरते. अंतर सुमारे ३२० किलोमीटर, आणि बहुतेक सगळं खडीवरून. त्यासाठी लोक पैसे भरतात, शिवाय सोडतीत आपलं नाव निघावं म्हणून देव पाण्यात घालून बसतात. २०२२ पासून तर खडीवरच्या सायकलिंगची जागतिक अजिंक्यपद स्पर्धाही सुरू झाली. पहिली इटलीत झाली. हे सगळं मला मेहुण्याने सांगितलं, नव्या कोऱ्या ग्रॅव्हल बाइकवरून फडकं फिरवता फिरवता. माझ्या मनात एवढंच आलं, की अकोले तालुक्याने या धंद्यात फार आधी उतरायला हवं होतं.

ग्रॅव्हल बाइक दिसायला शर्यतीची सायकलच. हँडल तसंच खाली वळलेलं. मात्र टायर चाळीसेक मिलिमीटर रुंद, त्यांत हवा निम्म्याहून कमी, आणि गिअर इतके हलके, की चढावर एखादा पायी चालणारा माणूस शेजारी राहून तुमची सगळी विचारपूस करू शकतो. किंमत मी सांगणार नाही. मेहुण्याने ती घरी अजून सांगितलेली नाही, आणि हे मासिक त्यांच्याकडे जातं.

मेहुण्याच्या मनात स्पिती होतं. रजा मिळाली शनिवार-रविवारची, म्हणून अकोले तालुक्यातलंच भंडारदरा ठरलं. तिथे धरणाच्या जलाशयाला वळसा घालणारा रस्ता आहे. शेंडीहून निघायचं, मुतखेल, कोलटेंभे, रतनवाडी, साम्रद करत घाटघरला पोचायचं आणि पलीकडच्या अंगाने उडदावणे, पांजरे, मुरशेतवरून पुन्हा शेंडीला यायचं. सगळे मिळून चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर. एका बाजूला कळसूबाई, १६४६ मीटर, राज्यात सर्वांत उंच. दुसऱ्या बाजूला रतनगड आणि त्याचं नेढं. मधे १९२६ साली बांधून पुरं झालेल्या विल्सन धरणाचं पाणी. मे-जूनमध्ये काजवे बघायला इथे इतक्या मोटारी येतात, की बिचाऱ्या काजव्यांना हेडलाइटांतून आपली जोडीदारीण शोधावी लागते. आम्ही गेलो दिवाळीनंतर. तेव्हा रस्त्यावर एसटी, शेळ्या आणि आम्ही.

कोलटेंभ्यापर्यंत मेहुणा नाराज होता, कारण रस्ता बरा होता. "दाजी, हे सगळं डांबर आहे हो," असं तो थोड्या थोड्या वेळाने म्हणायचा, लग्नात पंगतीला जिलेबी नाही हे कळलेल्या माणसाच्या सुरात. दोन्ही बाजूंना खुरासणी पिवळीधमक फुललेली, कापलेल्या भाताचे भारे खाचरांत पडलेले, समोर रतनगडाचा खुटा आभाळात घुसलेला. पण त्याचं लक्ष पुढच्या चाकाच्या पुढे जात नव्हतं.

रतनवाडीत अमृतेश्वराचं देखणं, कोरीव देऊळ आहे. ते बघायला माणसाने शक्यतो ग्रॅव्हल बाइक न घेता जावं. या सायकलीला स्टँड नसतो, त्यामुळे ती कशाला तरी टेकवून ठेवावी लागते, आणि देवळातलं कोरीवकाम बघतानाही कान बाहेर 'धाडकन' कधी होतंय त्याच्याकडे असतात. आमची सायकल ज्या पारावर टेकवली होती त्यावर एक बाबा बसले होते. आम्ही बाहेर येईपर्यंत त्यांची तपासणी पुरी झाली होती.

"पाव्हणं, हिला घोडी नाही. क्यारेज नाही. मडगार्ड नाही, घंटी नाही. दुकानवाल्यानं निम्मी ठेवूनच घेतली का?"

"वजन कमी व्हावं म्हणून असतं ते, बाबा," मेहुणा म्हणाला.

बाबांनी मेहुण्याची पाठीवरची पिशवी एका हाताने उचलून पाहिली, परत खाली ठेवली आणि काही बोलले नाहीत.

रतनवाडी सोडली आणि मेहुण्याचं नशीब उघडलं. आधी डांबराचे तुकडे तुकडे, कडा ब्लेडसारख्या. मग नुसती खडी. मग मुरूम. मग जे आलं त्याला नाव नाही. वळणावर एक फलक होता: खडीकरण व डांबरीकरण करणे, लांबी अमुक, किंमत तमुक, दोष दायित्व कालावधी पाच वर्षे. किमतीवरचा रंग तेवढा नेमका उडाला होता. खडीकरण आमच्या चाकांखाली होतं आणि डांबरीकरण फलकावर होतं.

रस्त्याच्या खडीचा शास्त्रोक्त आकार जॉन मॅकॅडम नावाच्या स्कॉटिश गृहस्थाने दोनशे वर्षांपूर्वीच ठरवून दिला आहे. दगड दोन इंचांपेक्षा मोठा नको, असं त्याचं म्हणणं. साम्रदच्या वाटेवरचे दगड बघता त्याचा नियम घाट चढताना उलटा झाला असावा: दोन इंचांपेक्षा लहान नको.

सगळा दोष माणसांच्या माथी मारणंही बरोबर नाही. याच जिल्ह्यात नगर शहराला वर्षाला पाच-सहाशे मिलिमीटर पाऊस मिळाला की लोक समाधान मानतात, आणि घाटघरला पाच हजारांच्या आसपास पडतो. डांबराला पाण्याचं जन्माचं वावडं. बाजूचे चर बुजलेले असले की पाणी रस्त्यावरूनच वाहतं, डांबर आणि खडी यांच्या मधे शिरतं, आणि वरून एक भरलेली जीप गेली की पापुद्रा सुटतो. पुढचं काम बाकीच्या जीपा करतात.

मेहुणा मात्र हरखून गेला होता. "दा-जी, या-च्या-सा-ठी लो-क यु-रो-पा-त जा-ता-त!" हे वाक्य हँडल धरल्या अवस्थेत त्याला सलग बोलता येईना.

साम्रद आलं आणि त्याच्या मागच्या टायरमधून 'फिस्स' असा आवाज आला. आम्ही जेवणासाठी ज्या मावशींच्या घरी थांबलो त्यांच्याच अंगणात. या टायरात ट्यूब नसते. आत एक पांढरं द्रावण ओतलेलं असतं आणि भोक पडलं की ते बाहेर येऊन स्वतःच वाळतं. काटा उपटल्याबरोबर त्याची पिचकारी उडाली. आठ-नऊ वर्षांचा एक पोरगा धावत आला, गुडघ्यांवर बसला आणि ओरडला, "आज्जे, हिला रुईवानी चीक येतोय!" त्याने भोकावर बोट ठेवलं. पांढरा थेंब बोटाखाली थरथरला, दाट झाला, थांबला. बोट काढलं तर हवा बंद. पोराने मग माझ्याकडे बघितलं आणि अतिशय गंभीरपणे विचारलं, "मंग पंक्चरवाल्यानं काय करायचं?"

मावशींनी नागलीची भाकरी, हुलग्याचं पिठलं आणि ठेचा वाढला. ठेच्याने मेहुण्याच्या डोळ्यांत पाणी आलं, पण तो बोलायचा थांबला नाही.

"हा रस्ता मुद्दाम धरला तुम्ही?" मावशींनी विचारलं.

"हो मावशी. असलाच शोधत होतो."

"असला?" त्यांनी तवा उतरवला. "आवडला असंल तर घेऊन जा की. अर्ज करून करून दमलो आमी."

मेहुण्याने मग त्यांना टस्कनीबद्दल सांगितलं. तिकडे १९९७ पासून 'लेरोइका' नावाची जुन्या सायकलींची फेरी निघते, आणि तिच्यामागे हेतू होता तिथले पांढरे कच्चे रस्ते डांबरापासून वाचवायचे. लोक म्हणतात, आमच्या रस्त्याला हात लावू नका! मावशींनी हे सगळं नीट ऐकून घेतलं.

"त्यांच्या लेकीसुनांना दवाखाना जवळ असंल," त्या म्हणाल्या. मग अंगणातल्या पोराकडे बोट करून, "आमच्या सुनंला जीपमधी घालून शेंडीला नेत होतो. दवाखाना लांबच राहिला. ह्यो त्या मोरीपाशीच झाला."

पोरगा लाजला नाही. ही मोरी त्याने याआधीही पाहुण्यांना दाखवलेली असणार, कारण "दाखवू का?" असं त्याने लगेच विचारलं. मेहुण्याने आणखी एक भाकरी मागितली आणि तिच्याबरोबर काही वेळ टस्कनी गिळली.

निघताना मावशींनी सांगितलं की रस्त्याचं टेंडर निघालंय म्हणतात. मेहुण्याच्या चेहऱ्यावर जी हळहळ उमटली ती त्याने ताबडतोब दाबली. त्याला इतकं शहाणं मी आमच्या लग्नानंतर प्रथमच बघितलं.

घाटघरपर्यंतच्या चढावर मला एकच विचार सोबत होता. घाटघरला २५० मेगावॅटचा जलविद्युत प्रकल्प आहे. विजेची मागणी असेल तेव्हा वरचं पाणी कड्याखाली कोकणच्या बाजूला सोडून वीज करतात, आणि मागणी नसेल तेव्हा तेच पाणी पंपाने पुन्हा वर चढवतात. चढवायला लागणारी वीज उतरताना मिळणाऱ्या विजेपेक्षा जास्त असते. सायकलिंगचा हिशेब मला इतक्या स्वच्छपणे आजवर कुणी मांडून दाखवला नव्हता. फरक एवढाच, की प्रकल्पाला त्यातून काहीतरी साधायचं असतं.

वर कोकणकडा आहे, अलंग-मदन-कुलंगची रांग समोर आहे, वारा तर फुकटच. तिथून शेंडीपर्यंत मेहुणा रस्त्याबद्दल एक अक्षर बोलला नाही. मी त्याला आडून विचारलं तर म्हणाला, "बोललो तर जीभ चावली जाते."

तुम्हाला जायचं असेल तर ऑक्टोबरअखेर ते फेब्रुवारी हा काळ धरा. खुरासणी बघायची असेल तर लवकर जा. हा कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याचा भाग आहे, तेव्हा नाक्यावर पावती फाडा आणि रानातल्या पायवाटांवर चाकं घालू नका. टायरमध्ये हवा तीस-पस्तीस पीएसआयच्या वर नको. जेवण वाडीत आधी सांगून ठेवा, आणि ठेचा बेताने घ्या. तोवर तिथे डांबर पडलेलं असेल तर कुरकुर करू नका. चढ तेवढाच आहे.