श्वास घ्या, पण ड्यूटीच्या वेळेत

कॅन्सर रुग्णालयांच्या सूचनाफलकांवर आता ध्यान शिबिराचा कागदही दिसू लागला आहे. ‘ताणमुक्तीसाठी ध्यान. शनिवारी दुपारी तीन वाजता. सर्व कर्मचाऱ्यांनी उपस्थित राहावे.’ हेतू चांगला आहे. वेळ कुणाची?

सकाळची पाळी दुपारी सुटते. नाइट केलेली सिस्टर तेव्हा घरी झोपलेली असते. म्हणजे एकीने घरी जायचं लांबवायचं, दुसरीने झोपमोड करून यायचं. थकवा घालवण्यासाठी आणखी थकायचं, हे कोणत्या शास्त्रात बसतं?

ध्यानाला विरोध नाही, हे आधीच सांगून टाकू. उलट, ध्यान नीट दिलं जावं म्हणूनच ही तक्रार आहे.

रेणवीय जीवशास्त्रात पीएचडी केलेल्या जॉन काबाट-झिन यांनी १९७९ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात सजगतेच्या ध्यानाचा अभ्यासक्रम सुरू केला. समोर होते जुनाट दुखण्यांनी गांजलेले रुग्ण. आठ आठवडे, आठवड्याला सुमारे अडीच तासांचा वर्ग, मध्ये एक पूर्ण दिवस मौनाचा, आणि घरी जवळजवळ रोज पाऊण तास सराव. श्वासाकडे लक्ष द्यायचं, मनात आलेला विचार पाहायचा, त्याच्यामागे धावायचं नाही. हिशेब करा. पन्नास तासांच्या वर जातो.

पन्नास तासांचा अभ्यासक्रम शनिवारच्या एका तासात कसा बसवता? हे म्हणजे केमोच्या सहा सायकल लिहून द्यायच्या, एक देऊन थांबायचं, आणि रुग्णाला म्हणायचं की तुम्ही मनापासून घेतली नाहीत. कॅन्सरच्या डॉक्टरांना डोस म्हणजे काय, ते शिकवावं लागतं का?

पूर्ण डोस दिला की गुण येतो, याची चिन्हं आहेत. न्यूयॉर्क राज्यातल्या रोचेस्टरमध्ये ७० प्राथमिक उपचार करणाऱ्या डॉक्टरांना आठ आठवडे आणि पुढे दहा महिने, महिन्याला एकदा, असं प्रशिक्षण दिलं. त्यांचा भावनिक थकवा कमी झाला, रुग्णांविषयीची आस्था वाढली. हा अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. तुलनेसाठी दुसरा गट त्यात नव्हता, हेही सांगायला हवं. पण वर्षभर माणसांसाठी वेळ काढला, हे तरी खरं. आपण किती काढतो?

कामाने असं खचण्याला बर्नआउट म्हणतात. ते मोजण्याची पट्टी क्रिस्टिना मास्लाक आणि सुझन जॅक्सन यांनी १९८१ मध्ये दिली. तिच्यात तीन गोष्टी आहेत. मन आटून जाणं. समोरच्या माणसाला माणूस म्हणून पाहणं सुटणं. आपल्या हातून काहीच होत नाही असं वाटणं. यातली दुसरी सगळ्यांत घातक, कारण तिची किंमत रुग्ण मोजतो. आजीचं नाव जातं आणि ‘बारा नंबर’ उरतो.

कॅन्सरच्या वॉर्डात हे लवकर होतं, आणि त्याला कारण आहे. इथला रुग्ण चार दिवसांत बरा होऊन जात नाही. महिनोन्‌महिने येत राहतो. त्याची मुलगी यंदा बारावीला आहे, हे सिस्टरला ठाऊक असतं. आणि मग एका स्कॅनमध्ये आजार परत दिसतो.

दाराबाहेर मुलगा गाठतो. ‘डॉक्टर, बाबांना काही सांगू नका.’ आत बाबा हळूच म्हणतात, ‘मला कळलंय, पण पोरांना बोलू नका.’ दोघांचं गुपित वाहणारा माणूस एकच. तो ते कुठे उतरवणार?

मग पैशाचा विषय निघतो. औषधाचा आकडा ऐकून घर गप्प होतं. जमीन विकायची का, असं कुटुंब डॉक्टरलाच विचारतं. परळच्या टाटा रुग्णालयात तर देशभरातून माणसं येतात. कुणी दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत राहतं, कुणी फुटपाथवर. त्यांचा केस पेपर बघणाऱ्याला हेही दिसत असतं. यातलं काय श्वासाने सुटेल?

आकडे परदेशातले आहेत, पण बोलके आहेत. अमेरिकेतल्या कॅन्सरतज्ज्ञांच्या २०१४ च्या पाहणीत जवळजवळ ४५ टक्क्यांमध्ये बर्नआउटची लक्षणं सापडली. युरोपात चाळिशीच्या आतल्या कॅन्सरतज्ज्ञांना २०१७ च्या अभ्यासात विचारलं, तर ७१ टक्के. दहातले सात खचत असतील, तर दोष त्या सातांच्या मनाचा कसा?

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये हा प्रश्न मिटवला. बर्नआउट हा आजार नाही. कामाच्या ठिकाणचा ताण दीर्घकाळ हाताबाहेर राहिला की होणारी ही अवस्था आहे, अशी त्याची नोंद झाली. कारण कामाच्या जागी. इलाज मात्र कर्मचाऱ्याच्या नाकपुड्यांत?

मँचेस्टरच्या संशोधकांनी २०१७ मध्ये डॉक्टरांवरच्या १९ अभ्यासांचा एकत्र हिशेब मांडला. डॉक्टरला सुधारणाऱ्या उपायांचा उपयोग झाला, पण थोडा. कामाची रचना बदलणाऱ्या उपायांचा उपयोग जास्त झाला. पाळ्या बदला, भार कमी करा, मग मन आपोआप थोडं सावरतं. यासाठी गुरू लागत नाही, ड्यूटी चार्ट लागतो.

ब्रिटनमध्ये २३३ संस्थांतल्या ४६ हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांची माहिती ऑक्सफर्डच्या विल्यम फ्लेमिंग यांनी तपासली. सजगतेचे वर्ग, ताणनियोजनाच्या कार्यशाळा, मनःस्वास्थ्याची अ‍ॅप. २०२४ मध्ये निष्कर्ष आला: यात भाग घेणारे, न घेणाऱ्यांपेक्षा बरे नव्हते. ही नोकरदारांची सरसकट पाहणी आहे, फक्त रुग्णालयांची नाही. पण अ‍ॅपचं वर्षाचं सदस्यत्व घ्यायला निघालेल्या व्यवस्थापनाने ती आधी वाचावी.

मग काय चालतं? मेयो क्लिनिकने ७४ डॉक्टरांवर एक प्रयोग केला, तो २०१४ मध्ये छापून आला. निम्म्यांना नऊ महिने, दर पंधरा दिवसांनी एक तास लहान गटात बसवलं. ध्यान, मनमोकळं बोलणं, अनुभव सांगणं. कामात अर्थ वाटू लागला, रुग्णांविषयीचा कोरडेपणा घटला. आणि तो तास संस्थेने दिला होता. पगारी. ड्यूटीतला.

सगळा मुद्दा या एका तासात आहे.

बॉस्टनच्या केनेथ श्वार्ट्झ या वकिलाला फुप्फुसाचा कॅन्सर झाला. १९९५ मध्ये, चाळिशीत, तो गेला. आपल्याशी दोन शब्द प्रेमाने बोलणाऱ्या कर्मचाऱ्यांनी सगळं सुसह्य केलं, हे त्याने लिहून ठेवलं होतं. त्याच्या नावाच्या केंद्राने १९९७ पासून रुग्णालयांत बैठका सुरू केल्या. डॉक्टर, नर्स, समाजसेवक एकत्र बसतात आणि आजाराऐवजी स्वतःवर काय गुदरलं ते बोलतात. कर्मचाऱ्यांना असा वेळ द्या, ही मागणी एका रुग्णाच्या अनुभवातून निघाली आहे. आता तरी ऐकाल?

आपल्याकडे ध्यानाचं ज्ञान कमी आहे, असंही नाही. इगतपुरीचं विपश्यना केंद्र १९७६ पासून आहे. दहा दिवस फोन नाही, बोलणं नाही, काम तर नाहीच. विपश्यनेला जाणाऱ्या सरकारी कर्मचाऱ्यांसाठी महाराष्ट्र शासनाने रजेची सोयही केली. ध्यानाला मोकळा वेळ लागतो, हे मंत्रालयाला कळतं. वॉर्डातल्या माणसांसाठी ते कळायला काय हरकत आहे?

हरकत माणसांची आहे. माणसंच नाहीत.

निवासी डॉक्टरांनी आठवड्याला ४८ तास काम करावं, असं केंद्र सरकारने १९९२ मध्ये ठरवलं. २०२४ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कृतिदलाने शिफारस केली, ७४ तासांच्या वर नको. बत्तीस वर्षांत सव्वीस तास वाढले, आणि तेवढं पाळलं तरी मेहरबानी समजायची, अशी आज अवस्था आहे.

शिकवणाऱ्या रुग्णालयात तीन रुग्णांमागे एक परिचारिका हवी, वर रजेसाठी तीस टक्के राखीव हव्यात, असं भारतीय परिचर्या परिषदेचं मानक आहे. ते तीस टक्के म्हणजेच ध्यानाचा तास. राखीव सिस्टर असेल, तर एक जण डोळे मिटून बसू शकते. नसेल, तर तिचं निम्मं लक्ष सलाइनवरच राहणार.

शिबिराला कोणाला बोलावलं जातं, तेही बघा. डॉक्टर, नर्स. घाण उपसणाऱ्या मावशी, मृतदेह खाली नेणारे मामा, रेडिएशनचं मशीन चालवणारे तंत्रज्ञ, कागद नाही म्हणून रुग्णाला परत पाठवावं लागणारा खिडकीवरचा कारकून, यांना मन नसतं?

देशात कॅन्सरचे नवे रुग्ण वर्षाला १४ लाखांच्या वर आहेत. हा आकडा खाली जाणार नाही. नवी मशीन येतील, नव्या इमारती उभ्या राहतील. पण केमोची नस शोधणारा हात मशीन बनवत नाही, आणि तो हात कंटाळून नोकरी सोडतो तेव्हा त्याच्या जागी तसाच तयार हात यायला वर्षं लागतात.

म्हणून मागणी सरळ आहे. ध्यान ड्यूटीच्या वेळेत. पूर्ण आठ आठवडे. बदली माणूस देऊन. मावशींपासून विभागप्रमुखांपर्यंत सगळ्यांना, पण सक्ती कुणावर नाही. वॉर्डात रुग्ण गेला, तर त्या पाळीला पुढचा पलंग लावण्याआधी दहा मिनिटं. आणि बरं नाही वाटत म्हणणाऱ्याच्या गोपनीय अहवालात त्याची नोंद नाही.

आणि पैसे एकाच गोष्टीपुरते असतील, तर आधी रिकामी पदं भरा.