परसातली वाफ

अमेरिकेत उन्हाळा लागला की परसापरसांतून धूर निघतो आणि घरातला कर्ता पुरुष डुकराच्या बरगड्या 'भाजायला' उभा राहतो. भाजायला म्हणायचं, इतकंच. हौशी मंडळींची लाडकी ३-२-१ पद्धत पाहा: ३ तास धुरावर, २ तास सफरचंदाच्या रसाचा शिपका मारून फॉइलमध्ये गुंडाळून, शेवटचा १ तास सॉस चोपडून. मधले २ तास म्हणजे चक्क वाफवणं. आपल्याकडे मोदकही असेच होतात. त्यासाठी कुणी एप्रनवर फुशारकी छापून घेत नाही.

कुणी म्हणेल, बरगड्यांतलं चिवट कोलॅजन विरघळून जिलेटिन व्हायला वेळ लागतोच. खरं आहे. पण ते काम उष्णता आणि ओलावा करतात, बाजूला बिअर घेऊन उभा असलेला माणूस नव्हे; कुकर तेच तासाभरात उरकतो. धुराची चव? मान्य, पण ती फॉइल गुंडाळण्याआधीच मुरलेली असते. आणि एवढं करून 'मांस हाडावरून आपोआप गळतं' म्हणून मिरवावं, तर कॅन्सस सिटी बार्बेक्यू सोसायटीचे परीक्षक अशा बरगड्या जास्त शिजल्या म्हणून गुण कापतात.