गवयाच्या घरचा गिटारवाला

ज्या घराच्या दिवाणखान्यात माणसांहून तंबोऱ्यांची बैठक अधिक प्रशस्त असते, जेथे पाळण्यातल्या अर्भकाचे रुदन काळी एकमध्ये की पांढरी दोनमध्ये यावरून आजोबा आणि आत्याबाई यांच्यात मतभेद होतात, आणि जेथे आईनेही विशारद पदरी पडल्यावरच संसाराकडे लक्ष वळविलेले असते, अशा घरात पिढीगणिक एक तरी चिरंजीव गिटारवादक निपजतो. गिरगावात, दादरला, सदाशिव पेठेत हा इसम मी न्याहाळला आहे. घराणे तेवढे बदलते, इसम तोच.

वयाच्या दहाव्या-अकराव्या वर्षी तो धोबीतलावावरून गिटार आणवितो. द्रव्य अर्थातच आजीचे. वाद्य उंबऱ्याच्या आत येताच प्रकरण कुटुंबाच्या दरबारी रुजू होते आणि पहिली फिर्याद पेटीवाल्या काकांची असते : परमुलखातले वाद्य, स्वर ठोकून बसविलेले, मिंड नाही, श्रुती नाही! ही कैफियत ते अशा आवेशाने मांडतात, की त्यांची स्वतःची पेटी जणू कोकणातल्या फणसाला लागली असावी. वस्तुतः हार्मोनियमचे पेटंट १८४२ सालचे, पॅरिसचे. आणि नेमक्या याच आरोपांखाली रेडिओने तिला १९४० साली जी हद्दपारी फर्मावली, ती उठावयास तीन दशके लागली. परंतु हा दाखला काकांसमोर काढण्याची छाती त्या घरात कोणाची?

आत्याबाईंची तक्रार मात्र निखळ शास्त्रीय असते. "अरे, गंधार चढतोय तुझा!" असे त्या स्वयंपाकघरातून, हातातले लाटणे न थांबविता पुकारतात आणि बिचारा मुलगा खुंट्या पिळून बेजार होतो. खुंट्यांचा तेथे इलाज नसतो. सप्तकाचे बारा समान हिस्से करून गिटारचे पडदे ठोकलेले असल्यामुळे चौथ्या पडद्यावरचा गंधार तंबोऱ्यातून आपोआप उमटणाऱ्या गंधारापेक्षा अर्ध्या स्वराच्या सुमारे सातव्या हिश्श्याने चढाच राहतो. सतारीचे पडदे निदान सरकविता येतात. एवढा बारीक फरक पोळ्या लाटताना टिपणारा कान घरात असल्यावर मुलाने पळून जाऊन सर्कशीत नाव घातले तरी मी त्यास दोष देणार नाही.

अखेर तहनामा वडील घडवून आणतात. अली अकबर खाँसाहेबांचे शिष्य, गिटारवर राग वाजविणारे ब्रिजभूषण काब्रा यांचे नाव ते आदराने, कानाची पाळी धरून घेतात. त्यांची गिटार असलेली १९६७ सालची 'कॉल ऑफ द व्हॅली' ही तबकडी साऱ्या कुटुंबास बसवून ऐकवितात, आणि कलमे ठरतात. गिटार उभी धरावयाची नाही, मांडीवर आडवी घ्यावयाची, तारा उंच करून त्यांवरून पोलादी कांब फिरवावयाची, जुळणी षड्ज-पंचमाची. पडदे शोभेपुरते उरतात, मिंड निघते, आत्याबाई निवतात. आई गवसणी शिवते, आजोबा पहिला पलटा घालून देतात, आणि ज्या चिरंजीवास गळ्यात पट्टा अडकवून, केस उडवीत उभ्याने वाजवावयाचे होते, तो चटईवर मांडी घालून यमन घोटू लागतो.

आपण बंडखोर आहोत ही त्याची समजूत मात्र अबाधित राहते! कॉलेजच्या स्नेहसंमेलनात मित्र त्याला एखाद्या सिनेमातल्या गाण्याच्या साथीला बोलावितात, तेव्हा तो प्रथम सतरंजी मागवितो. ड्रमवाला कोणती कॉर्ड म्हणून विचारतो, त्यावर "आमच्यात कॉर्ड नसते," असे उत्तर मिळते. मग जुळणी सुरू होते. ती संपते तोवर गायिका चहा पिऊन परत आलेली असते. पहिल्या रांगेत काका बसलेले असतात आणि सोबत, कोणी बोलाविले नसताही, पेटी आणलेली असते. आलाप मंद्रात शिरतो. मागून शिट्ट्या येतात. त्यांतली एक नेमकी पंचमावर लागल्याचे चिरंजीवांच्या ध्यानी येते आणि ते मान डोलावून दाद देतात. आटोपते घ्यावे अशी चिठ्ठी चिटणीस पाठवितात, तिला ते फर्माइश समजतात. विंगेत शिपाई पडद्याचा दोर धरून उभा राहतो, तेव्हा चिरंजीव त्यालाही, नजरेने, विलंबित लय सांभाळण्याची खूण करतात.